दवाखान्याचे अंगण आणि खानदेशची भूमी

वैद्याच्या दारी औषधी वनस्पती असाव्यात ही परंपरा आपल्या व्यवसायात आजही टिकून आहे, ही समाधानाची बाब होय. तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील दवाखान्यांच्या आणि फार्मसींच्या आवारात नेमके काय लावले जाते, याचा विचार होणे अगत्याचे आहे. कुंपणालगत उंच, सरळसोट 'अशोक' दिसतो. परंतु तो आसुपालव होय, ग्रंथोक्त अशोक नव्हे. अशोकत्वचेच्या नावाखाली बाजारात याच वृक्षाची साल खपविली जाते, हे आपण सारे जाणतो. कोणी हौसेने खरा सीताअशोक आणून लावला, तर सह्याद्रीच्या आर्द्र वनातील तो वृक्ष येथील ४५ अंशांच्या उन्हात विकतच्या पाण्यावर कसाबसा जगतो.

आमच्या मते येथे देशविचाराचा विसर पडला आहे. चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार सांगून, औषधी कोणत्या भूमीतून व कोणत्या ऋतूत घ्यावी याचे विवेचन केलेले आहे. ६००-७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या भूमीला तिची स्वतःची वनस्पतिसंपदा आहे. सातपुड्याच्या खडकाळ उतारावरील शल्लकी म्हणजे सालई आणि अंजन; रानातील बिबा, बेहडा, पळस, धायटी, कुडा; माळावरील हिंगणबेट म्हणजे ग्रंथांतील इंगुदी; नदीकाठचा अर्जुन व करंज. ऐन उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकून निष्पर्ण फांद्यांवर फुलणारी सालई पाण्याचा संयम कसा राखावा हे शिकविते. असे वृक्ष एकदा रुजले, की फारसे पाणी मागत नाहीत.

अशी बाग शोभेपुरती नाही. कुड्याचेच उदाहरण घ्या. पांढऱ्या कुड्याचे इंद्रजव कडू. काळ्या कुड्याचे गोड. त्यांची भेसळ नित्याची आहे. काळ्या कुड्याच्या जोडशेंगा टोकाशी जुळलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. ही दोन्ही झाडे ज्याने शेजारी शेजारी वाढविली, त्याला पोत्यातील माल ओळखण्यास वेळ लागत नाही. अतिसाराच्या रुग्णाला कुटज मिळतो की त्याचा तोतया, हा प्रश्न अखेर याच ओळखीवर ठरतो. वनौषधींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी जाणतात, असे चरकाचार्य सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात म्हणतात. सातपुड्यातील भिल्ल व पावरा बांधवांकडून ही ओळख करून घेण्यात वैद्याने कमीपणा मानू नये.

दोन गुंठ्यांच्या बागेने फार्मसीचे कोठार भरणार नाही, असा आक्षेप घेतला जाईल. तो खरा आहे. बृहत्पंचमुळासाठी बेल, शिवण, टेटू, पाडळ यांची मुळे खणली की वृक्षच जातो. सभोवार साल सोलली की उभे झाड वाळते. ही तूट अंगणातून भरून निघणार नाही. मात्र बियाणे व रोपे अंगणातून निश्चितच मिळतील. सालईची तर फांदी रोवली तरी फुटते. ही रोपे शेताच्या बांधावर, गावाच्या गायरानावर गेली, तर पुढील पिढीच्या दशमुळाची सोय होईल. फार्मसीचालकांनीही केवळ सर्वांत स्वस्त दराचा आग्रह न धरता, झाड राखून साल व फळ काढणाऱ्या संग्राहकास वाजवी मोल द्यावे.

२००२ च्या जैवविविधता कायद्यात २०२३ साली दुरुस्ती होऊन नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना व लागवडीच्या औषधी वनस्पतींना बरीच मोकळीक मिळाली. कायद्याचे बंधन सैल झाले, म्हणून कर्तव्य सैल होत नाही; उलट ते आता आपल्याच विवेकावर सोपविले गेले आहे.

जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात भगवान आत्रेय अग्निवेशास सांगतात, की भूमी विरस होण्यापूर्वी औषधी संग्रहित कराव्यात. आज केवळ संग्रहाने भागणार नाही, लागवडही करावी लागेल. येत्या पावसाळ्यात प्रत्येक सभासदाने आपल्या आवारात किमान पाच खानदेशी औषधी वृक्ष लावावेत, त्यांवर शुद्ध नावाच्या पाट्या लावाव्यात आणि बियाणे परस्परांस द्यावे, अशी आमची नम्र विनंती आहे.