नव्या मुलखातला संसार

निवृत्तीनंतर कुठेतरी डोंगरात, थंड हवेच्या ठिकाणी जाऊन राहावे, असे स्वप्न आपल्यापैकी अनेकजण पाहतात. बहुतेकांचे ते स्वप्नच राहते. माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या यजमानांनी मात्र ते खरे करून दाखवले. दोघेही हिंडतेफिरते, दर रविवारी सिंहगड चढणारे. यजमान बँकेतून निवृत्त झाले, मुलगी लग्न होऊन परदेशी गेली आणि या दोघांनी पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन निलगिरीत, कुन्नूरला एक लहानसे घर घेतले.

कुन्नूर समुद्रसपाटीपासून सुमारे १,८५० मीटर उंच, म्हणजे सिंहगडाच्या माथ्याहूनही पाचशे मीटर वर. मेट्टुपाळयमहून दातेरी रुळावर कण्हत कण्हत चढणारी छोटी आगगाडी, जिला २००५ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, ती घराजवळून जाते. चहूकडे चहाचे मळे. पहिले तीन महिने मैत्रिणीचा फोन आला की तासभर फक्त वर्णन चाले. आज ही वाट पाहिली, उद्या त्या टेकडीवर जाणार!

मग पाऊस सुरू झाला. आपल्याकडे दिवाळीला पाऊस सरलेला असतो. निलगिरीच्या पूर्व उतारावर मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरात, परतीच्या मोसमी वाऱ्यांबरोबर, तो खरा जोर धरतो. धुके दारातून आत येई. चार-चार दिवस कपडे वाळत नसत. फिरणे थांबले. शेजारी बोलत तमीळ नाहीतर बडगा, आणि यजमानांना दोन्हींतले अक्षर येत नव्हते.

"मी निदान भाजीवाल्याशी हिशेबापुरते बोलायला शिकले," मैत्रीण फोनवर म्हणाली, "यांना तेही नको. दिवसभर खिडकीशी बसतात. जेवणावरूनही चिडतात. फेब्रुवारीत घर विकून परत यायचे, असे ठरवून टाकलेय त्यांनी."

"आणि तू? तुला काय हवंय?"

ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही गं."

जानेवारीत, पोंगलच्या सुमारास, मी त्यांच्याकडे गेले. घरातली ती गप्प हवा दोन दिवस सोसली आणि तिसऱ्या दिवशी म्हटले, "चला, तंजावर पाहून येऊ. इतक्या जवळ येऊन मराठी माणसाने तंजावर न पाहणे बरे नव्हे." घाट उतरून कोइमतूर गाठले आणि तिथून आगगाडीने तिरुचिरापल्लीमार्गे तंजावर.

निलगिरीतून आलेल्या डोळ्यांना तंजावर चमत्कारिक वाटते. नजर जाईल तिथवर सपाट जमीन, कावेरीचे कालवे आणि भाताची खाचरे. डोंगर म्हणून कुठे दिसत नाही. आणि नेमक्या याच मुलखात, सव्वातीनशेहून अधिक वर्षांपूर्वी, सह्याद्रीच्या मातीतल्या घराण्यातले एक जोडपे संसार मांडायला आले होते. व्यंकोजीराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी दीपाबाई.

व्यंकोजी हे शहाजीराजांचे पुत्र, शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ. त्यांचे ठाणे बंगळुरास होते. विजापूरच्या आदिलशहाच्या हुकमावरून ते तंजावरच्या भांडणात पडले आणि १६७५ च्या सुमारास तिथले राजे झाले. प्रजा तमीळ, आधीच्या नायक राजांचा दरबार तेलुगू आणि राज्यकर्ते मराठी!

पुढे १६७७ मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेच्या स्वारीवर आले. वडिलांच्या दौलतीतला वाटा त्यांनी मागितला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे रातोरात कोलेरून नदी ओलांडून निघून गेले. पुढे त्यांनी महाराजांच्या फौजेवर चाल केली, त्यातही हार झाली. राजे खचले. बखरी सांगतात की, या वेळी नवऱ्याची समजूत घातली ती दीपाबाईंनी. थोरल्या भावाशी वैर धरण्यात हित नाही, रघुनाथपंत हणमंत्यांना मध्यस्थ घालून तह करा, असे त्यांनी सुचवले. तह झाला. तंजावर व्यंकोजींकडे राहिले आणि बंगळुराकडचा मुलूख महाराजांनी भावजयीला, खास दीपाबाईंना, चोळीबांगडीसाठी म्हणून दिला. घर सावरणाऱ्या बाईचा असा मान इतिहासात फार थोड्या वेळा नोंदला गेला आहे.

त्यानंतरही व्यंकोजीराजे उदास होऊन कारभारातून लक्ष काढून बसले, तेव्हा महाराजांनी त्यांना खरमरीत पत्र लिहिले. वैराग्य उतारवयात शोभते, आताचे दिवस पराक्रमाचे आहेत, रिकामे बसून नोकरचाकर आणि फौज वाया घालवू नका, असा त्याचा आशय आहे.

हे मी सांगत असताना यजमान काही बोलले नाहीत. मैत्रीण मात्र माझ्याकडे पाहून हलकेच हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोठ्या देवळात गेलो. राजराज चोळाने बांधलेले आणि १०१० मध्ये पूर्ण झालेले हे बृहदीश्वराचे मंदिर. भिंतींवर सगळीकडे जुनी तमीळ अक्षरे. फिरता फिरता एका बाजूच्या भिंतीपाशी यजमान एकाएकी थांबले. "अहो, हे तर देवनागरी! मराठी आहे हे!"

तो भोसले घराण्याच्या इतिहासाचा शिलालेख होता. दुसऱ्या सरफोजीराजांनी तो १८०३ मध्ये कोरवून घेतला. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. यजमान एकेक ओळ बोटाने लावीत मोठ्याने वाचू लागले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा ऐकू आला.

जवळच एक आजीबाई बसल्या होत्या. नेसण, केसांतला गजरा सारे तमीळ. त्या आमच्याकडे बघून मराठीतच म्हणाल्या, "तुम्ही कोण गावचे?" हेल तमीळ वळणाचा होता, काही शब्द आपल्याकडे केव्हाच मागे पडलेले होते, पण भाषा निश्चितपणे आपली होती. त्यांच्या किती पिढ्या इथे झाल्या हे त्यांनाही नेमके ठाऊक नव्हते. घरात मराठी, बाहेर तमीळ. मराठी लिहायची वेळ आली तर ती तमीळ अक्षरांत, कारण देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. भिंतीवर काय लिहिले आहे ते त्यांनी यजमानांकडून वाचून घेतले.

"मग आजी, तुम्ही मराठी की तमीळ?" यजमानांनी विचारले.

आजींना प्रश्नच कळला नाही. "आम्ही तंजावरचे," त्या म्हणाल्या.

मला वाटते, नव्या जागी रुजण्याचे सारे मर्म या उत्तरात आहे. तंजावरच्या मराठ्यांनी आपले सोडले नाही आणि तिथले झिडकारले नाही. दीपाबाईंचे चिरंजीव शहाजीराजे १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी मराठीत नाटके रचली, तीही आपल्याकडे विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' १८४३ मध्ये रंगभूमीवर येण्याच्या दीडशे वर्षे आधी! पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी तेलुगूतही लिहिले आणि एका नाटकात तर पाच भाषा एकत्र आणल्या. मराठी कीर्तन तिथे गेले आणि तिथल्या कर्नाटक संगीतात मिसळून हरिकथा बहरली. नायकांच्या काळापासूनचा ग्रंथसंग्रह सरफोजीराजांनी वाढवला. त्या सरस्वती महालात आज संस्कृत, तमीळ, तेलुगू पोथ्यांबरोबर तीन हजारांवर मराठी हस्तलिखिते आणि मोडीतले दरबारी कागद नांदत आहेत. राज्य १८५५ मध्ये गेले. आजींची मराठी राहिली.

सांबाराची गोष्टही तिथे ऐकवतात. आमटीत घालायला आमसुले संपली म्हणून मुदपाकखान्यात चिंच वापरली आणि पाहुण्या आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या पदार्थाचे नाव पडले, अशी ती दंतकथा. तिला कागदोपत्री आधार नाही. तरी गोष्ट शहाणी आहे. आमसूल संपले म्हणून कुणी चूल विझवली नाही.

नव्या मुलखात जाऊ पाहणाऱ्या जोडप्यांना म्हणूनच चार शब्द सांगावेसे वाटतात. सुट्टीत पाहिलेल्या गावावर भाळून लगेच घर घेऊ नका. आधी भाड्याने राहून तिथले सगळे ऋतू, विशेषतः पावसाळा, अनुभवा. दवाखाना किती दूर आहे ते पाहा. तिथली भाषा मोडकीतोडकी का होईना, पहिल्या दिवसापासून बोला. लोक हसतात, पण हसणारेच पुढे मदतीला येतात. फिरणे हा छंद झाला, ते काम नव्हे. त्या गावाला आपला उपयोग होईल असे एखादे काम दोघांनीही, वेगवेगळे, हाती घ्या. आणि राहायचे की परतायचे हे ठरवताना दोघांनी एकमेकांना विचारा. नव्या जागी एकाचे मन रमले आणि दुसऱ्याचे नाही, तर न रमलेल्याकडे सगळ्यांचे लक्ष जाते. रमलेल्याला कुणी विचारीत नाही.

परतीच्या गाडीत यजमान शेजारच्या शाळकरी मुलाकडून तमीळ मुळाक्षरे वहीत काढून घेत होते. कुन्नूरला पोहोचल्यावर रात्री जेवताना त्यांनी बायकोला विचारले, "तुला काय वाटतं? राहायचं का?"

याला आता दोन वर्षे झाली. घर विकलेले नाही. यजमान सकाळी आसपासच्या लहान मळेवाल्यांची बँकेची कागदपत्रे भरून देतात. मैत्रिणीकडे चार-पाच मुली शिवण शिकायला येतात. पावसात दोघांचे अजूनही खटके उडतात, ते पुण्यातही उडत असत.

परवा मी जाण्याचे ठरवून फोन केला. "काय आणू गं? आमसुले?"

"नको," ती म्हणाली, "मागचीच पिशवी तशी पडून आहे. यांना आता चिंचेचीच आमटी लागते!"