सर्दीचे छायाचित्र

न्यू जर्सीत स्थायिक झालेला माझा एक भाचा परवा फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होता. पाच दिवसांची सर्दी, गाल जड झालेले, म्हणून तो नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी त्याला शेजारच्याच खोलीत खुर्चीवर बसविले, यंत्र डोक्याभोवती एकदा फिरले, आणि थोड्याच वेळात नाकामागची सारी लेणी पडद्यावर उभी राहिली! "मामा, इस्पितळात खेटे नाहीत, की ताटकळणे नाही!" मी विचारले, "स्कॅन काढायचे ठरविले कोणी? आणि पैसे कोणाला मिळाले?" तो गप्प झाला. दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच होते.

यंत्राशी माझे भांडण नाही. हाउन्सफील्डच्या यंत्रावर १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचे सी. टी. स्कॅन झाले आणि कवटी न उघडता मेंदू पाहता येऊ लागला. १९७९ चे नोबेल त्याला व कॉरमॅकला मिळाले, ते योग्यच झाले. दवाखान्यातले हे धाकटे यंत्र हाडे स्वच्छ दाखविते, किरणांची मात्राही सहसा कमी असते. जुनाट विकारावर शस्त्रक्रिया करणाऱ्याला असा नकाशा हवाच.

पण साध्या सर्दीचे चित्र काढून काय साधते? १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत नुकतीच सर्दी झालेल्या ३१ जणांचे स्कॅन काढले. त्यांतील २७ जणांच्या गालांमागील पोकळ्यांत बिघाड दिसला! सुमारे दोन आठवड्यांनी १४ जणांना पुन्हा तपासले, तेव्हा ११ जणांचे चित्र प्रतिजैविकाशिवायच निवळले होते. म्हणजे यंत्र खोटे बोलत नाही. ते सर्दीला सर्दीच म्हणते. तिला रोग म्हणतो तो माणूस. तिथल्या नाक-कान-घसातज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१३ साली बजावले की, साध्या सायनसदाहात सरसकट चित्रे काढू नका.

मग ती का निघतात? सरकारी विम्यावरील रुग्णाला डॉक्टरने स्वतःचा आर्थिक संबंध असलेल्या ठिकाणी तपासणीस धाडू नये, असा तिथे कायदा आहे. पण 'स्वतःच्या दवाखान्यात' केलेल्या तपासणीला त्यातून सूट आहे! आपल्याकडे दुसऱ्याच्या केंद्रातून येणाऱ्या वाट्याला 'कट' म्हणून नावे ठेवतात. इथे यंत्रच घरात; कट हवा कशाला? अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासनीस कार्यालयाने २०१२ साली दाखविले की, ज्यांनी २००९ मध्ये स्वतःकडे अशी सोय करून घेतली, त्यांनी सांगितलेल्या सी. टी. व एम. आर. आय. तपासण्या २००८ च्या मानाने २०१० मध्ये सरासरी ६७ टक्क्यांनी वाढल्या. दोन वर्षांत रुग्णांचे रोग इतके वाढले काय?

कुणी म्हणेल, सारे डॉक्टर लोभी थोडेच असतात! नसतातच. पण यंत्राचा हप्ता दर महिन्याला दारात उभा राहतो, आणि भल्या माणसाच्याही मनातला 'कदाचित'चा 'अवश्य' होतो. कुंपण शेत खाऊ लागले, की राखणदाराच्या सज्जनपणाची ग्वाही काय कामाची?

म्हणून तपासणी सांगणाऱ्याला तिच्यातून नफा नसावा. तो दिवस येईपर्यंत रुग्णाने खुर्चीवर बसण्यापूर्वी एवढेच विचारावे: "डॉक्टर, या चित्राने माझ्या औषधात काय फरक पडणार?" उत्तर नसेल, तर उठावे. सर्दी तेवढा वेळ थांबते. पुष्कळदा निघूनही जाते.