सुपरचार्जर लावला, पण एक्सल टिकेल का? ड्रॅग रेसमध्ये गाडी नेमकी कुठे तुटते

आंबिवलीच्या फलाटावर उभी असलेली बारा डब्यांची लोकल साधारण अडीचशे मीटर लांब असते. अशा दीड लोकलपेक्षा किंचित जास्त अंतर म्हणजे 402 मीटर, अर्थात पाव मैल. ड्रॅग रेस एवढीच असते. वळण नाही, घाट नाही. उभ्या गाडीने सुटायचं आणि समोरच्याच्या आधी पोहोचायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण एवढ्याशा अंतरात लाखो रुपयांची गाडी जागेवर बसू शकते. बऱ्याचदा इंजिनाला काहीच झालेलं नसतं. तुटतं ते इंजिन आणि चाकांच्या मधलं काहीतरी: क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, एक्सल. या सगळ्या साखळीला ड्राइव्हट्रेन म्हणतात.

सुपरचार्जरवाल्या गाडीत हा धोका जास्त का? टर्बो आणि सुपरचार्जर दोघंही इंजिनात जास्त हवा कोंबतात. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो, त्यामुळे त्याला जोर धरायला क्षणभर वेळ लागतो. सुपरचार्जर थेट इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. इंजिन फिरलं की तोही फिरला. म्हणून पाय दाबताच ताकद हजर! टर्बोचा तो उशीर चालवणाऱ्याला नकोसा असतो, पण एक्सलला तेवढीच उसंत मिळते.

आता थोडं गणित. समजा इंजिन 600 न्यूटन मीटर टॉर्क देतंय. पहिला गिअर तो चारपट करतो आणि डिफरन्शियल आणखी तिप्पट. चाकांपर्यंत पोहोचेस्तोवर आकडा 7,200 वर जातो. बाहेर बसवलेल्या सुपरचार्जरने इंजिनाची ताकद वाढते, पण शाफ्ट कंपनीने दिला तोच राहतो. इंजिनावर खर्च करणारे मागच्या भागाकडे फारसं बघत नाहीत, आणि गोची तिथेच होते.

अशा वेळी गाडीला वाचवतो तो टायर. घरातल्या फ्यूजसारखा. ताकद जास्त झाली की टायर घसरतो, जागेवर फिरतो आणि पुढचं नुकसान टळतं. जास्त पकडीचे, मऊ रबराचे टायर लावले की हा फ्यूज निघून जातो. मग सगळा झटका पुढच्या कमजोर दुव्यावर. सगळ्यात घातक प्रकार म्हणजे टायर घसरतो, लगेच पकडतो, पुन्हा घसरतो. चाक अक्षरशः उड्या मारतं आणि प्रत्येक उडीला शाफ्टवर हातोडा बसतो. हे जाणवताच पाय उचलायचा आणि ती धाव सोडून द्यायची. तिथेच पुन्हा खच्चून ॲक्सिलरेटर दाबणं म्हणजे एक्सलचा निरोपसमारंभ.

मुरलेले लोक म्हणूनच सुटताना घाई करत नाहीत. इंजिन फुल रेस करून क्लच झटकन सोडला तर साखळीतली सगळी ढील एका क्षणात ताणली जाते. आरपीएम कमी ठेवून क्लच किंचित घसरवत सोडला की क्लच प्लेट झिजते, पण गिअरबॉक्स वाचतो. प्लेट त्यामानाने स्वस्त. इसीयूच्या ट्यूनिंगमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला टॉर्क मुद्दाम कमी ठेवता येतो. दोन धावांच्या मध्ये तेल थंड होऊ देणं, इंजिन आणि गिअरबॉक्सचे माउंट घट्ट असणं, हे रीलमध्ये न दिसणारं काम. अमेरिकेत 2018 मॉडेलची डॉज डेमॉन ही सुपरचार्जरवाली गाडी ड्रॅगसाठीच विकायला काढली, तेव्हा कंपनीने तिचे शाफ्टही आधीपेक्षा दणकट केले होते. कंपनीलाही ते टाळता आलं नाही.

मग रेस लावायची कुठे? भारतात कायदेशीर ड्रॅग बहुतेक वेळा विमानांच्या धावपट्टीवर होते. महाराष्ट्रात त्यासाठी ओळखलं जाणारं नाव म्हणजे लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरची ‘द व्हॅली रन’. नाव आंबिवलीसारखं असलं तरी आंबिवलीहून ती शंभरहून जास्त किलोमीटर लांब आहे. रात्री रिकामा दिसणारा रस्ता त्यापेक्षा जवळचा, म्हणून मोह होतो.

तिथे मोटार वाहन कायद्याचं कलम 189 येतं. परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 10,000 पर्यंत. 2019 च्या दुरुस्तीआधी हा दंड फक्त 500 रुपये होता. मूळ गाडीत परवानगी नसलेले बदल केले तर मालकाला वेगळी शिक्षा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. म्हणजे बाहेरून बसवलेला सुपरचार्जर रेसच्या आधीच अडचणीत आणू शकतो.

आणि बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट विम्याच्या कागदावर बारीक अक्षरात असते. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. म्हणजे रीतसर फी भरून, हेल्मेट घालून धावपट्टीवर उतरलात तरी तुटलेल्या डिफरन्शियलचे पैसे विमा कंपनी देईल अशी आशा नको. गॅरेजचं बिल खिशातून, आणि खंडाळ्याचा घाट उतरून शीळफाटामार्गे आंबिवलीपर्यंत गाडी आणणाऱ्या टोइंग ट्रकचं भाडंही.