वय वर्षे ९२

दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडलो की ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद मिळतो. देणाराही खूष, घेणाराही खूष! पण शतायुषी माणसाच्या मुलांचे पुढे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. मला तो सुचला एका परदेशी कारागिराची हकीकत वाचताना. हा कारागीर म्हणजे इटलीतल्या क्रेमोना गावचा अंतोनियो स्त्रादिवारी. व्हायोलिन घडविणाऱ्यांत याच्याइतके नाव दुसऱ्या कोणाचे झाले नाही.

मी पडलो मराठीचा मास्तर. व्हायोलिनमधले मला एवढेच कळते की, ते चांगले वाजू लागले म्हणजे आपण गप्प बसावे. संसारातले मात्र थोडेफार कळते, आणि या गृहस्थाने संसार मोठा केला. १६६७ साली फ्रान्चेस्काशी लग्न. तिची सहा मुले. १६८० साली सान दोमेनिको चौकात स्वतःचे घर. १६९८ साली ती वारली, तेव्हा तिचा अंत्यविधी त्याने इतमामाने केला. पुढच्या वर्षी अंतोनियाशी दुसरे लग्न. आणखी पाच मुले.

एवढे खटले सांभाळून हात चालूच होता. स्प्रूसचे पोट, मेपलची पाठ; दोन्ही फळ्या कोरून, तासून हव्या त्या जाडीला आणायच्या, मग रोगण. त्याचे उत्तम काम १७०० ते १७२५ या काळातले समजतात. म्हणजे छप्पन्न ते एक्क्याऐंशी हे त्याचे वय! आपल्याकडे या वयात माणूस आधी पेन्शनच्या आणि मग औषधांच्या मागे असतो. आपल्या वाद्यात तो नावाची आणि सालाची चिठ्ठी चिकटवी. १७३६ सालच्या एका व्हायोलिनच्या चिठ्ठीवर वयही लिहिले आहे : ९२ वर्षे. त्या आकड्यात म्हाताऱ्याचा केवढा अभिमान आहे!

आता मुलांकडे वळू. फ्रान्चेस्को जन्मला १६७१ साली, ओमोबोनो १६७९ साली. दोघेही बापाच्या हाताखाली शिकले आणि हाताखालीच राहिले. दोघांनीही लग्न केले नाही. कारखान्यातून बाहेर पडलेल्या काही उशिराच्या वाद्यांतल्या चिठ्ठ्यांवर ‘अंतोनियो स्त्रादिवारीच्या शिस्तीखाली’ असा मजकूर आहे. हात दुसऱ्याचा, नाव म्हाताऱ्याचे! १८ डिसेंबर १७३७ रोजी बाप गेला, तेव्हा थोरला सहासष्ट वर्षांचा होता आणि धाकटा अठ्ठावन्न. स्वतःच्या नावाने काम करायला मोकळीक मिळाली ती या वयात. १७४२ साली ओमोबोनो गेला, १७४३ साली फ्रान्चेस्को.

दुसऱ्या बायकोचा पाओलो मात्र कापडाच्या व्यापारात पडला. त्याने व्हायोलिन केले नाही. पण घराण्याचे नाव पुढे चालले ते त्याच्यामुळे. बापाचे उरलेले साचे आणि हत्यारे कोझिओ नावाच्या एका हौशी सरदाराला विकली गेली, तीही त्याच्याच हातून. पुष्कळ साचे आज क्रेमोनाच्या संग्रहालयात सुखरूप आहेत.

यावरून म्हाताऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याची साडेसहाशेच्या आसपास वाद्ये आज शिल्लक आहेत; मुले शेजारी बसली नसती, तर अखेरची कित्येक झालीच नसती. आणि त्या दोघांना त्या बाकावरच सुख वाटत नसेल कशावरून? माझे वडील अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मी विजेचे बिल भरून आलो की अजून पावती चष्मा लावून तपासतात. मी चिडतो, पण त्यांनी एखाद्या महिन्यात तपासली नाही, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखे होते.

तरीही त्या चिठ्ठ्या मनातून जात नाहीत. घरात कर्तबगार वडील दीर्घकाळ असणे हे भाग्यच. पण त्यांच्या हयातीतच एखाद्या चिठ्ठीवर मुलाचे नाव पडावे आणि ते त्यांनी कौतुकाने वाचावे, हे त्याहून मोठे भाग्य. या पाडव्याला पाया पडायला आलेल्या मुलाला ‘शतायुषी हो’ जरूर म्हणा. मग दुकानाची किल्ली, हिशेबाची वही, निदान फराळाच्या सामानाची यादी तरी त्याच्या हाती द्या; आणि जमल्यास, परत तपासायला मागू नका!