विश्लेषण : सूर्यावरील स्फोटांमुळे अमेरिकेतले ट्रॅक्टर का थांबले? ‘जीपीएस’ची अचूकता नेमकी कशी बिघडते?

१० मे २०२४ रोजी पृथ्वीवर ‘जी-५’ या सर्वोच्च श्रेणीचे भूचुंबकीय वादळ धडकले. ऑक्टोबर २००३ नंतर इतके तीव्र वादळ प्रथमच आले होते. लडाखमधील हानलेचे आकाशही त्या रात्री लालसर झाले. त्याच वेळी अमेरिकेत मक्याच्या पेरणीचा हंगाम ऐन भरात होता आणि उपग्रहांच्या मदतीने चालणारे अनेक ट्रॅक्टर भरकटू लागले. अनेक शेतकऱ्यांना पेरणी थांबवावी लागली. मोबाइलवर नकाशा पाहणाऱ्या बहुतेकांना मात्र काही जाणवलेही नाही. असे का झाले?

सूर्यावर नेमके काय घडते?

सौरज्वाला म्हणजे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा अचानक मोकळी होणे. तिचे क्ष-किरण सुमारे आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. अनेकदा ज्वालेसोबत विद्युतभारित कणांचे प्रचंड ढगही बाहेर फेकले जातात. त्यांना पृथ्वी गाठायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. मे २०२४ मध्ये एकाच सौरडागसमूहातून असे अनेक ढग एकामागोमाग निघाले आणि त्यातूनच हे वादळ उद्भवले.

संदेशाला उशीर कशामुळे होतो?

जीपीएसचे उपग्रह सुमारे २० हजार २०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संदेश यायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढते. एका सेकंदाच्या अब्जांशाची चूक झाली, तरी अंतरात ३० सेंटीमीटरचा फरक पडतो. वाटेत आयनांबर हा विद्युतभारित थर लागतो. त्यातील इलेक्ट्रॉन वाढले, की संदेश रेंगाळतो. वादळात हा थर जागोजागी विस्कटतो, संदेश थरथरतो आणि कधी यंत्राची उपग्रहावरची पकडच सुटते. दोन वारंवारता वापरणारी यंत्रे उशिराचा हिशेब बऱ्यापैकी लावू शकतात. पण सुटलेल्या पकडीवर त्यांच्याकडेही उपाय नसतो.

मोबाइल चालला, मग ट्रॅक्टर का नाही?

मोबाइलला काही मीटरची चूक चालते, पेरणीयंत्राला सेंटीमीटरची अचूकता लागते. त्यासाठी ‘आरटीके’ पद्धत वापरतात. अचूक ठिकाण माहीत असलेले एक स्थिर केंद्र चूक मोजते आणि दुरुस्ती ट्रॅक्टरला कळवते. केंद्रावरचे आणि ट्रॅक्टरवरचे आयनांबर सारखेच आहे, हे त्यात गृहीत असते. वादळात काही किलोमीटरवरही ते वेगळे असू शकते, म्हणून दुरुस्तीच चुकीची ठरते. सरी वाकडी गेली, तर नुकसान त्या दिवसापुरते राहत नाही. पुढे खत देताना यंत्र त्याच नोंदीवर चालते आणि ओळ चुकली तर उभ्या पिकातून जाते.

विमानसेवेलाही याचा फटका बसतो. ऑक्टोबर २००३ च्या वादळात विमानांना उतरताना उंचीचे मार्गदर्शन देणारी अमेरिकेतील उपग्रहाधारित सेवा २९ तारखेला सुमारे १५ तास आणि ३० तारखेला सुमारे ११ तास वापरता आली नव्हती.

भारताला किती धोका?

चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून जाते. त्यामुळे आपल्याकडे वादळ नसतानाही सूर्यास्तानंतर आयनांबरात अस्थिरता निर्माण होते. विमानांसाठीची भारतीय ‘गगन’ प्रणाली उभारताना हा अडथळा विचारात घ्यावा लागला. महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभाग रोव्हर यंत्राने जमीन मोजतो, त्यामागेही स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेण्याचेच तत्त्व आहे. बांधाच्या वादात काही सेंटीमीटरनाही मोल असते, हे वेगळे सांगायला नको.

पूर्वसूचना मिळू शकते का?

सौरज्वालेची खबर तिच्या प्रकाशाबरोबरच येते, त्यामुळे सावध व्हायला वेळ मिळत नाही. कणांचा ढग निघाल्याचे मात्र एक-दोन दिवस आधी दिसते. त्याचे चुंबकीय क्षेत्र किती घातक आहे, हे पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरील यानांना तो ओलांडून गेल्यावरच नीट कळते. भारताचे ‘आदित्य-एल१’ जानेवारी २०२४ पासून याच परिसरात आहे. तिथून मिळणारी सवड तासाभराहूनही कमी असते. तेवढ्यात वादळ टाळता येत नाही. पण मोजणी पुढे ढकलणे किंवा ट्रॅक्टरचे स्टिअरिंग पुन्हा हातात घेणे नक्कीच शक्य असते.