आजीची बोली, कचेरीची मराठी
या आठवड्यात वडिवळे गावात एका कातकरी आजीनं जातीच्या दाखल्याचा कागद माझ्या हातात ठेवला, ‘वाच रं बाबा.’ ‘निम्नस्वाक्षरीकार’पाशी मीच अडखळलो, आजी पदर तोंडाला लावून हसली. १९६४च्या अधिनियमानं मराठी राजभाषा झाली, छानच झालं. पण राज्यातल्या कातकरी, कोलाम, माडिया गोंड या तिन्ही आदिम जमातींच्या बोली अजून कचेरीच्या दाराबाहेर चपला सांभाळत बसल्यात. २००३ साली संथाळी ही आदिवासी भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली, आभाळ काही कोसळलं नाही. बँकेत इंग्रजी फॉर्म पुढे आला की आपण तावातावानं भांडतो ना? मग दवाखान्यात, रेशनवर, तहसिलीत आजीला तिच्या बोलीत समजावणारा माणूस नेमा. ही मेहेरबानी नव्हे, सरकारचं कामच आहे.