मागच्या सीटचाही विचार हवा

‘डबलसीट’ हा शब्द आपण इतका आपलासा केला आहे की तो मराठी नाही हे सांगूनही पटत नाही. गाडी घेताना मात्र विचार होतो तो एकट्याचाच. घरधनी शोरूममध्ये बसून बघतो, मायलेज विचारतो, रंग ठरवतो. मागे बसणारीला बोलावणे येते ते गाडीच्या पूजेला!

आपल्या सिल्वासात वापी स्टेशन गाठायचे असो, पिपरियातला कारखाना असो की रविवारचे खानवेल-दुधनी, मागे बायको किंवा आई असतेच. चालवणाऱ्याला खड्डा आधी दिसतो, तो पायांवर भार घेऊन अंग सावरतो. मागच्या माणसाला खड्डा कळतो तो थेट कमरेत. शिवाय त्याची बैठक मागच्या चाकाच्या जवळ, म्हणून धक्काही जास्त.

मऊ सीट म्हणजे चांगली सीट, हा समज खोटा आहे. मऊ फोम दहा मिनिटे सुखावतो, मग दबतो आणि खालचा टणक तळ बोचू लागतो. थोडा कडक फोम आणि रुंद, सपाट बैठक लांबच्या प्रवासाला बरी. सीट पुढे उतरती असेल तर प्रत्येक ब्रेकला मागचा माणूस पुढच्यावर घसरतो. स्पोर्ट्स गाड्यांची उंच, अरुंद मागची सीट कॉलेजकुमारांना शोभते, आईच्या गुडघ्यांना नाही.

चालवणाऱ्याचे पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. स्प्लेंडर प्लसच्या सीटची उंची ७८५ मिलिमीटर, क्लासिक ३५० ची ८०५. पण केवळ आकड्यावर जाऊ नये. सीट रुंद असली तर मांड्या फाकतात आणि पाय कमी पोचतात. उंची कमी करायला फोम फार कापला, तर गुडघे जास्त दुमडतात आणि गादीही उरत नाही.

दोन उपाय जवळजवळ फुकटचे आहेत. बऱ्याच गाड्यांच्या मागच्या शॉकअपला कमी-जास्त करण्याचे खाचे असतात. नेहमी डबलसीट जाणाऱ्याने मेकॅनिककडून ते वाढवून घ्यावेत. मागच्या टायरची हवाही एकट्याला वेगळी, दोघांना वेगळी लागते. आकडे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असतात.

आता पदराचे. मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे निम्मे चाक झाकणारे संरक्षण हवे, असे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे. तरी ‘लूक’ बिघडतो म्हणून पोरे साडीगार्ड काढून टाकतात. जाळी निघते मिनिटात. पदर किंवा ओढणी चाकात गेली तर सावरायला तेवढाही वेळ मिळत नाही. एका बाजूला बसणाऱ्या बाईला तर या जाळीचा आणि दांडीचाच आधार. हेल्मेटही दोघांना हवे.

तेव्हा पुढची गाडी बघायला जाल तेव्हा मागे बसणारीला सोबत न्या. तिला बसवून एक फेरी मारा, तीही खडबडीत रस्त्यावरून. मग तिला विचारा, आणि ती सांगेल ते ऐका.